लेट्स्टे श्पूर बर्लिन

‘लेट्स्टे श्पूर बर्लिन’ (शब्दशः ‘शेवटचा माग, बर्लिन’) ही जर्मनीतील झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीची गुन्हेतपास मालिका. तिचा पहिला भाग एप्रिल २०१२ मध्ये दाखवला गेला. संकल्पना ओर्कुन एर्टेनर यांची. शुक्रवारी रात्री सव्वानऊची तिची वेळ जर्मन घरांत पोलिसी मालिकांसाठी ठरलेलीच आहे.

कथानक बर्लिनच्या राज्य गुन्हे अन्वेषण कार्यालयातील बेपत्ता व्यक्ती शोध विभागात घडते. पथकाचे प्रमुख ओलिव्हर राडेक (हान्स-वेर्नर मायर) आणि त्यांच्या सहकारी मीना अमिरी (यास्मिन ताबाताबाई) ही प्रेक्षकांच्या सर्वांत ओळखीची जोडी. तेहरानमध्ये जन्मलेल्या ताबाताबाई गायिकाही आहेत. पथकातले बाकीचे चेहरे वर्षागणिक बदलत गेले.

इतर तपासकथा मृतदेहापासून मागे जातात. इथे मृतदेह नसतो, म्हणून प्रत्येक तासाला किंमत असते. माणूस जिवंत सापडण्याची आशा शेवटच्या प्रसंगापर्यंत टिकू शकते, आणि या मालिकेचे खरे बळ त्यातच आहे. तपास घरातून सुरू होतो. रोजची औषधे कपाटातच आहेत का? पासपोर्ट जागेवर आहे का? बँकेचे कार्ड शेवटचे कुठे वापरले? न्हाणीघरातला दात घासायचा ब्रश किंवा केसांचा कंगवा प्रत्यक्ष तपासातही ताब्यात घेतला जातो, कारण पुढे एखादा अनोळखी मृतदेह सापडला तर डीएनए जुळवायला तोच उपयोगी पडतो. घरच्यांसमोर तो कंगवा पिशवीत घालून नेणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मालिका नीट समजायची तर जर्मनीतील नियम ठाऊक हवा. सज्ञान आणि धडधाकट माणसाला आपण कुठे राहायचे हे ठरवण्याचा अधिकार आहे. घरच्यांना न सांगता निघून जाणे हा गुन्हा नाही. त्यामुळे नेहमीच्या ठिकाणाहून नाहीसे होणे आणि ठावठिकाणा न लागणे एवढ्यावर पोलीस शोध सुरू करत नाहीत. जिवाला किंवा शरीराला धोका असल्याची शक्यताही दिसावी लागते. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत मात्र हा धोका गृहीतच धरला जातो. चोवीस तास थांबल्याशिवाय तक्रार घेत नाहीत, हा तिथेही पसरलेला गैरसमज आहे. सापडलेल्या सज्ञान व्यक्तीची संमती नसेल, तर तिचा पत्ता नातेवाइकांना दिला जात नाही. ‘ती सुखरूप आहे’ एवढेच ऐकून आईने परत जायचे. मला हा नियम योग्य वाटतो, पण तो सांगणाऱ्या पोलिसाच्या जागी उभे राहणे सोपे नाही.

जर्मन संघीय गुन्हे अन्वेषण कार्यालयाच्या माहितीनुसार, सुमारे निम्मी प्रकरणे पहिल्या आठवड्यात सुटतात आणि महिनाभरात ८० टक्क्यांहून अधिक. वर्षाहून जास्त काळ बेपत्ता राहणाऱ्यांचे प्रमाण साधारण ३ टक्के असते. त्यांची नोंद ३० वर्षांपर्यंत जपली जाते. मालिकेत मात्र, साहजिकच, चटकन न सुटणारी प्रकरणेच जास्त येतात.

जर्मन भाषेत अशा माणसांसाठी दोन शब्द आहेत. ‘फरमिस्ट’ म्हणजे बेपत्ता. त्यामागच्या क्रियापदाचा रोजचा अर्थ ‘एखाद्याची उणीव भासणे’ असा आहे. त्यामुळे पोलिसांच्या कोरड्या नोंदीतही, कुणाला तरी या माणसाची उणीव भासते आहे, एवढे आपोआप लिहिले जाते. ‘फरशोलन’ हा कायद्याचा शब्द. दीर्घकाळ खबर नाही आणि जिवंत असण्याबद्दल गंभीर शंका आहे, अशा व्यक्तीसाठी तो वापरतात. अशी व्यक्ती सर्वसाधारणपणे १० वर्षांनी न्यायालयाकडून मृत घोषित करून घेता येते. ती ८० वर्षांची झाली असती, तर ५ वर्षांनी. बुडालेल्या जहाजावरील प्रवाशांसाठी ही मुदत ६ महिने आणि विमान अपघातात ३ महिने आहे.