बोर्डावरचं सद्रक्षणाय कुठून आलं?

मोबाईल हरवला म्हणून मागे एका पोलीस ठाण्यात गेलो होतो, ठाणे अंमलदार साहेब जेवायला गेलेले, मग बसलो बाकड्यावर भिंती वाचत. वर मोठ्या अक्षरात 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय', आणि कोपऱ्यात कपाटामागे अर्धा झाकलेला दुसरा बोर्ड, अटक झालेल्या माणसाचे हक्क. दोन्ही बोर्ड पोलिसांच्या मूल्यांचेच, पण दोघांच्या जन्मकथा एकदम वेगळ्या.

पहिला बोर्ड ब्रीदवाक्याचा. सज्जनांचं रक्षण, दुष्टांचा बंदोबस्त, गीतेतल्या 'परित्राणाय साधूनां'ची आठवण करून देणारं. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, म्हणून दरवर्षी त्या दिवशी रेझिंग डे, म्हणजे स्थापना दिन असतो आणि शाळेची पोरं ठाण्यात बंदुका बघायला जातात.

पण पोलीस त्याच्या कितीतरी आधीपासून होते ना. मुंबईत सतराव्या शतकात गव्हर्नर आँजियरने भंडारी लोकांची मिलिशिया, म्हणजे स्थानिकांची सशस्त्र तुकडी उभी केली तिथून ही गोष्ट सुरू होते. १७७९ ला जेम्स टॉड नावाचा साहेब लेफ्टनंट ऑफ पोलीस, म्हणजे तेव्हाचा पोलीसप्रमुख झाला आणि १७९० मध्ये तोच लाचखोरीच्या खटल्यात अडकून नोकरीवरून गेला, त्याच्या विरोधातला मुख्य साक्षीदार कोण तर त्याच्यासाठी लाच गोळा करणारा त्याचाच माणूस 😄 म्हणजे हप्त्याचा विषय काही आजचा नाही. पहिले पोलीस कमिशनर फ्रँक साऊटर, ते १८६४ चे.

१८५७ चं बंड झाल्यावर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस अॅक्ट आणला, आयर्लंडमधल्या पोलिसांच्या धर्तीवर, रयतेवर वचक ठेवायला. आणि मजा अशी की वचक ज्यांच्या जिवावर ठेवायचा त्या पोलिसांवर सरकारचा स्वतःचाच भरवसा नव्हता! १८७२ च्या इव्हिडन्स अॅक्टचं, म्हणजे पुराव्याच्या कायद्याचं कलम २५ बघा, पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही, का तर ती मारून घेतलेली असेल ही भीती. आता नवीन साक्ष्य अधिनियम आला, त्यातही तीच तरतूद कलम २३ म्हणून बसलीय. दीडशे वर्षं झाली, कायद्याचा संशय काही गेला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९६० ला देशभरच्या आयजींच्या (पोलीस महानिरीक्षकांच्या) परिषदेत पोलिसांची आचारसंहिता ठरली. बळ वापरायचं तर कमीत कमी, लोकांशी सौजन्याने वागायचं, आणि पोलीस हा लोकांतलाच एक, फक्त सगळ्या नागरिकांचं काम तो फुल टाईम करतो. चांगलीच आहे हो, पण कागदावर. ती मोडली म्हणून कुणाचं काय होणार हे त्यात कुठाय?

दुसरा बोर्ड मात्र माणसं मेली म्हणून आला. १९८६ मध्ये बंगालमधल्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सुप्रीम कोर्टाच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, कोर्टाने पत्रालाच याचिका मानलं आणि डिसेंबर १९९६ मध्ये ११ सूचना दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा मेमो, त्यावर घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या माणसाची साक्षीदार म्हणून सही, नातेवाईकांना खबर, दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. २००६ ला पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग केसमध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला पोलीस तक्रार प्राधिकरणं काढा असा सुप्रीम कोर्टाचा आदेश झाला, आपल्याकडे कायद्यात बदल व्हायला २०१४ उजाडलं. २०२० ला ठाण्यात सीसीटीव्ही लावा असाही आदेश आला. सगळं कोर्टाच्या रेट्याने.

एकट्या खात्याला झोडपायचं नाहीये मला. २६/११ ला गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, अंगावर गोळ्या घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला आणि त्याच्यावर रीतसर खटला चालला. त्यांच्याकडे होती फक्त लाठी.

असो, तासाभराने अंमलदार साहेब आले, नीट बोलले, दाखला दिला. निघताना कपाट सरकवता येईल का विचारलं तर म्हणाले, मागे प्लग पॉईंट आहे.