अव्यक्त ज्ञान

अव्यक्त ज्ञान : अंगवळणी पडलेले, पण शब्दांत पुरते न मावणारे ज्ञान. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतो असे विचारले तर धड सांगता येत नाही. आणि त्याने सांगितलेच, तरी ते ऐकून दुसऱ्याला सायकल येत नाही. हंगेरीत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक मायकेल पोलान्यी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ही संकल्पना मांडली.

अर्थशास्त्रज्ञ पॉल रोमर यांनी १९९० मध्ये आर्थिक वाढीचा जो सिद्धांत मांडला, त्याचा पाया असा : कल्पना वापरल्याने संपत नाही, एकच सूत्र हजार कारखान्यांना एकाच वेळी वापरता येते. मग हजार कारखाने सारखेच का चालत नाहीत? सूत्र कागदावरून कुठेही जाते. ते चालवण्याचे कसब मात्र माणसाबरोबरच जाते, हे त्याचे एक मोठे कारण.

इंग्रज कारागीर सॅम्युएल स्लेटर यांचे उदाहरण याबाबत फार बोलके आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील कुशल कारागिरांना परदेशी जाण्यास बंदी होती. माणूस गेला की धंदा गेला, हे कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच ओळखले होते. सूतगिरणीत उमेदवारी केलेले स्लेटर १७८९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, एकही आराखडा सोबत न घेता अमेरिकेला निघाले. ऱ्होड आयलंडचे व्यापारी मोझेस ब्राऊन यांच्याकडे कताईयंत्रे आधीच होती, पण ती नीट चालत नव्हती. स्लेटर यांनी आठवणीतून नवी यंत्रे उभी केली आणि १७९० च्या अखेरीस पॉटकेट येथे पाण्याच्या शक्तीवर कताई सुरू झाली. ब्रिटनमधील ती बंदी १८२४ मध्ये उठली.

छापील शोधनिबंधांच्या युगातही चित्र फारसे बदलले नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी टीईए लेसर (वायूवर चालणारा एक प्रकारचा लेसर) बांधू पाहणाऱ्या प्रयोगशाळांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. केवळ निबंध वाचून एकाही प्रयोगशाळेला चालणारा लेसर बांधता आला नव्हता. ज्यांना जमले, त्यांचा आधी तो बांधलेल्यांशी प्रत्यक्ष संबंध आलेला होता.

हे ज्ञान कामातच वाढते. सुरुवातीपासूनचे एकूण उत्पादन दुप्पट झाले की दर विमानामागचे श्रम सुमारे २० टक्क्यांनी घटतात, असे अमेरिकन विमान अभियंता टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये विमानबांधणीत दाखवले.

काम थांबले की हे ज्ञान विरते. अमेरिकेत अण्वस्त्रांसाठी लागणाऱ्या ‘फॉगबँक’ या गुप्त पदार्थाचे उत्पादन १९८९ च्या सुमारास बंद पडले. पुढे ते पुन्हा हाती घेतले तेव्हा नोंदी अपुऱ्या होत्या आणि जाणकार बहुतेक निवृत्त झाले होते. पदार्थ बनला, पण हवा तसा उतरेना. अखेर उलगडा झाला : जुन्या प्रक्रियेत एक अशुद्ध घटक राहून जात असे आणि तोच आवश्यक होता, नव्या, अधिक स्वच्छ प्रक्रियेत तो निघून जात होता. पूर्वी तो पदार्थ बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक नव्हते.