डेबियन सर्व्हरवर पॅकेज चढवण्यापूर्वीची चाचणी : ग्राहकांसाठी माहिती

आपल्यासाठी लिहिलेला प्रोग्राम आम्ही डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमच्या 12 किंवा 13 व्या आवृत्तीसाठी पॅकेजच्या (इन्स्टॉल करण्याजोग्या संचाच्या) रूपात देतो. तो सिस्टमडीच्या, म्हणजे प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या डेबियनमधील व्यवस्थेच्या, देखरेखीखाली सर्व्हिस म्हणून, म्हणजे पार्श्वभूमीत सतत, चालतो. पॅकेज इन्स्टॉल झाले, सर्व्हिस सुरू झाली, एवढ्या पुराव्यावर ते कामाच्या सर्व्हरवर चढवणे आम्हाला मान्य नाही.

पहिली चाचणी कोऱ्या डेबियनवर होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या संगणकावर कितीतरी पॅकेजेस आधीच असतात, त्यामुळे एखादी डिपेंडन्सी, म्हणजे प्रोग्रामला लागणारे दुसरे पॅकेज, नोंदवायची राहिली तरी तिथे काही बिघडत नाही. कम्पाइल केलेल्या प्रोग्रामला लागणाऱ्या शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ते सामायिक कोड) डेबियनची साधने स्वतः शोधतात. स्क्रिप्टमधून चालवला जाणारा दुसरा प्रोग्राम मात्र हाताने नोंदवावा लागतो. पॅकेज काढून टाकल्यावर मागे फाइली राहतात का, हे पियुपार्ट्स (piuparts) या साधनाने तपासतो.

सर्व्हिसच्या चाचणीला साधा कंटेनर (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवण्याचा हलका कप्पा) पुरत नाही, कारण त्यात सहसा सिस्टमडी चालू नसते. ही चाचणी आम्ही व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या पूर्ण संगणकावर, घेतो, आणि आमचा सर्वाधिक वेळ इथेच जातो. सर्व्हिसचा प्रकार ‘सिंपल’ असेल तर प्रोसेस निर्माण होताच सिस्टमडी ती सुरू झाली असे मानते. पुढच्याच क्षणी प्रोग्राम कोसळला तरी सुरू करण्याची कमांड यशस्वी झालेली दिसते. म्हणून सर्व्हिसला प्रत्यक्ष विनंती पाठवून योग्य उत्तर येते का, हे आम्ही पाहतो. बंद पडल्यास आपोआप पुन्हा सुरू करण्याची सूचना लिहिली की काळजी मिटली, असाही समज आढळतो. परंतु डीफॉल्टनुसार दोन प्रयत्नांमध्ये केवळ 100 मिलिसेकंदांचे अंतर असते आणि 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झाले की सिस्टमडी पुढचे प्रयत्न सोडून देते. रात्री वीज जाऊन आली, डेटाबेस तयार व्हायला काही सेकंद जास्त लागले आणि प्रोग्राम दर वेळी लगेच बाहेर पडला, तर डेटाबेस तयार होण्याआधीच हे प्रयत्न संपतात आणि सकाळी सर्व्हिस बंद सापडते. डेटाबेस मुद्दाम उशिरा सुरू करून आम्ही नेमकी हीच स्थिती निर्माण करतो आणि त्यानुसार प्रयत्नांमधले अंतर ठरवतो.

नवी आवृत्ती नेहमी आपल्याकडे चालू असलेल्या आवृत्तीवर चढवून पाहिली जाते. ‘/ईटीसी’ (/etc) या सेटिंगच्या फोल्डरमधील पॅकेजची फाइल आपण बदलली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती बदललेली असेल, तर डीपीकेजी (dpkg, पॅकेज इन्स्टॉल करणारे डेबियनचे साधन) कोणती ठेवायची ते विचारते, नुसते एंटर दाबल्यास आपलीच राहते. ते योग्यच आहे, पण मग नवा प्रोग्राम जुन्या सेटिंगवर चालतो. यासाठी अपग्रेडची तारीख ठरवण्यापूर्वी आपल्या सेटिंग फाइलची प्रत, पासवर्ड काढून, आमच्याकडे पाठवावी, ही विनंती.