गोळ्यांची विषबाधा आणि झिजलेले गुडघे : पुरावा कसा जमत गेला

१९५७ साली वैद्यकात दोन गोष्टी छापून आल्या. स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयातले डॉक्टर रोलांड कून यांनी लिहिलं, की इमिप्रामिन या नव्या रसायनाने खोल नैराश्यातले रुग्ण उभारी धरतात. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी एक्स-रेवरून सांध्यांच्या झिजेच्या पायऱ्या ठरवून दिल्या, शून्य ते चार. ती मोजपट्टी आजही वापरात आहे. या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण पुढे दोन्ही वाटांवर असे प्रश्न उभे राहिले, की तिथे औषधं पारखायची नेहमीची रीतच अडली. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट करायचे आणि कुणाला काय मिळालं हे झाकून ठेवायचं, ही ती रीत.

इमिप्रामिन आणि त्याच्या पाठोपाठ आलेली अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं ट्रायसायक्लिक म्हणून ओळखली जातात. त्यांनी असंख्य माणसं सावरली. पण एकदम जास्त प्रमाणात पोटात गेली तर ती हृदयावर घाला घालतात, आणि ती लिहून दिली जात होती नेमकी अशा माणसांना, ज्यांच्यापैकी काहींच्या मनात जीव द्यायचे विचार घोळत असत. लवकरच रुग्णालयांत असे रुग्ण येऊ लागले. बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडं, बडबड, मग बेशुद्धी. हे सगळं धोत्र्याच्या विषबाधेसारखं दिसायचं, म्हणून धोत्र्याच्या विषावरचा उतारा, फायसोस्टिग्मिन, इथेही देऊन पाहिला गेला. रुग्ण काही मिनिटांत डोळे उघडायचे. त्या काळच्या डॉक्टरांना हा चमत्कार वाटला असेल तर नवल नाही.

पण बेशुद्धी हे मरणाचं मुख्य कारण नव्हतंच. हृदयाच्या पेशींत सोडिअम आत येण्याच्या ज्या वाटा असतात, त्या ट्रायसायक्लिक औषधं तुंबवतात. विजेचा संदेश रेंगाळतो, ठोके बिघडतात, रक्तदाब कोसळतो. फायसोस्टिग्मिन हृदयाला आणखी मंद करतं. १९८० मध्ये दोन रुग्णांचं हृदय हा उतारा दिल्यावर थांबल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि त्याचा वापर झपाट्याने ओसरला. मला या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो: डोळ्यांना दिसणारी सुधारणा आणि जीव वाचणं या वेगळ्या गोष्टी असू शकतात.

खरा उपाय साधा निघाला. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियातून सोडिअम बायकार्बोनेटबद्दलचा अनुभव छापून आला: शिरेतून ते दिल्यावर बिघडलेले ठोके ताळ्यावर येत होते. त्यातलं सोडिअम तुंबलेल्या वाटांवर जोर लावतं आणि रक्त थोडं अल्कधर्मी झालं की औषधाची पकड सैल होते. मग १९८५ मध्ये ४९ रुग्णांच्या अभ्यासातून कळलं, की धोका ओळखायला रक्तातल्या औषधाची पातळी फारशी कामाची नाही. इसीजीवरची क्यूआरएस लहर, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विजेचा संदेश पसरल्याची खूण, किती रुंद झाली ते पाहावं. ०.१० सेकंदाच्या पुढे आकडी येण्याची भीती, ०.१६ च्या पुढे ठोके बिघडण्याची. रुग्ण सुरुवातीला बोलता-चालता असतो आणि पहिल्या काही तासांतच ढासळू शकतो, म्हणून ‘बरा दिसतोय’ या भरवशावर थांबायचं नसतं. लगेच रुग्णालय गाठायचं असतं.

तरीही बायकार्बोनेटची माणसांवरची मोठी, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी झालेली नाही. ठोके बिघडलेल्या माणसाला हाताशी असलेला उपाय न देता दुसऱ्या गटात कोण ठेवणार? प्राण्यांवरचे प्रयोग, रुग्णांच्या नोंदी आणि अतिदक्षता विभागातला अनुभव, यांवरच हा उपचार उभा आहे. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या वेगळ्या जातीच्या औषधाला मान्यता मिळाली. त्या जातीची औषधं हृदयाला एकंदरीत कमी घातक ठरली आणि चित्र पालटलं.

गुडघ्यांची गोष्ट उलट आहे. इथे वेळ हवा तेवढा, रुग्ण संमती द्यायला शुद्धीवर. पण कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारं गुळगुळीत आवरण, ही घासून संपणारी वस्तू, ही समजूत इतकी पक्की होती, की गुडघे ‘जपून वापरा’ हाच सल्ला असे. १९९२ मध्ये १०२ रुग्णांना घेऊन आठ आठवडे देखरेखीखाली चालण्याची चाचणी झाली. चालणाऱ्यांचं दुखणं कमी झालं, अंतर वाढलं. १९९७ मध्ये साठीपुढच्या ४३९ जणांवरची दीड वर्षाची चाचणी आली. चालणं असो की वजनं उचलणं, दोन्हींनी बेताचा पण खरा फायदा दिसला, आणि भीती होती तसे गुडघे काही बिघडले नाहीत.

बेताचा, हा शब्द महत्त्वाचा. कारण हा फायदा व्यायामाचा किती आणि कुणीतरी आठवड्यातून तीनदा आपुलकीने विचारपूस केल्याचा किती? २००२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधली, १८० रुग्णांवरची गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना फक्त कातडीवर छेद दिले आणि दोन वर्षांनी खरी शस्त्रक्रिया झालेले आणि हे नुसते छेद दिलेले यांच्यात काही फरक दिसला नाही. शस्त्रक्रियेचं सोंग असं आणता येतं; व्यायामाचं कसं आणणार? घाम गाळणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतंच. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दुसरी वाट काढली. २०६ जणांपैकी एका गटाला व्यायाम आणि माहिती, दुसऱ्याला गुडघ्यात नुसत्या सलाइनची इंजेक्शनं, आणि तीही उघडपणे सांगून. दुखण्यात दोन्ही गट सारखेच निघाले. त्यामुळे व्यायाम निरुपयोगी ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे. स्नायूंना, हृदयाला, झोपेला होणारा लाभ त्या आकड्यांत मोजलेलाच नसतो. मात्र ‘व्यायामाने गुडघेदुखी जाते’ असं बेधडक सांगणं आता प्रामाणिक नाही.

आणि या दोन वाटा शेवटी एकाच रुग्णापाशी येऊन मिळाल्या. २०१० मध्ये ड्युलोक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाला अमेरिकेत सांध्या-स्नायूंच्या जुनाट दुखण्यासाठी मान्यता मिळाली. अमिट्रिप्टिलिनही कमी मात्रेत वेदनेसाठी दिलं जातंच. अशा रुग्णाला विषबाधेच्या शंकेने ‘नैराश्याचं काही औषध घेता का?’ असं विचारलं तर तो मनापासून ‘नाही’ म्हणू शकतो, कारण त्याला ती दुखण्याची गोळी म्हणूनच मिळालेली असते.