सफरचंद ‘गंजत’ नाही
कापलेली सफरचंदाची फोड तपकिरी पडली की ‘बघा, केवढं लोह आहे!’ हे हमखास ऐकू येतं. मुळात 100 ग्रॅम सफरचंदात लोह जेमतेम 0.1 मिलिग्रॅम. रंग येतो फिनॉल संयुगांमुळे. ती पेशीतल्या रिक्तिकेत (रसाने भरलेल्या पिशवीत) असतात, तर त्यांचं ऑक्सिडीकरण करणारं विकर (एन्झाइम), पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, लवक नावाच्या पेशीतल्याच वेगळ्या कप्प्यांमध्ये. सुरीने पेशी फुटल्या की दोघांची गाठ पडते. हवेतल्या ऑक्सिजनने फिनॉलपासून क्विनोन नावाचे पदार्थ बनतात आणि ते एकमेकांना जोडले जाऊन तपकिरी रंग चढतो. गंमत म्हणजे या विकरात धातू आहे खरा, पण तांबं! पटत नसेल तर फोड कापल्याबरोबर दोन-तीन मिनिटं उकळा. लोह जागेवरच राहतं, विकर निकामी होतं, आणि फोड काळवंडत नाही.