सांडपाणी कामगार आणि जड धातू : पार्श्वभूमी

गटार किंवा मैलाकुंडी साफ करणाऱ्यांच्या आजारांची नोंद तीन शतकांहून जुनी आहे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शौचकूप उपसणाऱ्यांच्या लाल, सुजलेल्या आणि हळूहळू निकामी होणाऱ्या डोळ्यांचे वर्णन असून, त्यांच्या खिशातली तांब्या-चांदीची नाणी काळी पडतात, असेही निरीक्षण आहे. ही करणी प्रामुख्याने हायड्रोजन सल्फाइड वायूची होती. गटारातला धोका म्हणजे वायू, ही समजूत तेव्हापासून जी रुजली ती आजही कायम आहे आणि धातूंकडे उशिरा लक्ष जाण्याचे ते एक मोठे कारण आहे.

धातू गटारात आले ते औद्योगिक शहरांबरोबर. १८५८ च्या उन्हाळ्यातील असह्य दुर्गंधीनंतर लंडनमध्ये जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली भुयारी गटारांचे जाळे उभे राहिले. अशा व्यवस्थेत घरांचे मैलापाणी, रस्त्यांवरून वाहणारे पावसाचे पाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी एकाच नळातून जाऊ लागले. धातूंवर मुलामा देणाऱ्या कारखान्यांतून कॅडमियम, निकेल व क्रोमियम, कातडी कमावण्याच्या धंद्यातून क्रोमियम, दंतवैद्यांकडून पारा आणि पुढे शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात रस्त्यांवरून शिसे त्यात मिसळत गेले.

१९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी सक्रिय गाळ प्रक्रिया, म्हणजे हवा खेळवून वाढवलेल्या जिवाणूंकडून सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत, मांडली. जिवाणू सेंद्रिय घाण पचवतात, पण शिसे हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे विघटन होत नाही. बाहेर पडणारे पाणी स्वच्छ होते, कारण धातूंचा मोठा भाग गाळात उतरतो. तो गाळ पचवला की सेंद्रिय भाग घटतो आणि उरलेल्या घन पदार्थात धातूंचे प्रमाण वाढते. हा गाळ दाबयंत्रावरून खरवडणारा किंवा वाळवण्याच्या वाफ्यातून फावड्याने उचलणारा कामगार त्याची धूळ श्वासातून घेतो आणि हात नीट न धुता जेवायला बसला तर ती पोटातही जाते.

जड धातूंची जगाने खरी दखल घेतली ती जपानमधील दुर्घटनांमुळे. पाऱ्याच्या संयुगाने झालेला मिनामाता आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदवला गेला आणि कॅडमियममुळे होणारा इताई-इताई आजार सरकारने १९६८ मध्ये मान्य केला. दोन्ही ठिकाणी बळी पडले ते मासे आणि भात खाणारे रहिवासी, त्यामुळे पुढच्या नियमांचा रोख अन्नाकडे आणि जमिनीकडे राहिला. युरोपीय समुदायाने १९८६ मध्ये शेतीत वापरायच्या गाळात कॅडमियमची मर्यादा दर किलो कोरड्या गाळामागे २० ते ४० मिलिग्रॅम ठरवली, आणि तिचा मुख्य हेतू मातीचे रक्षण हा होता. अमेरिकेने १९९३ च्या नियमांसाठी जोखमीचा हिशेब करताना गाळ मिसळलेले शेत नांगरणाऱ्या ट्रॅक्टरचालकाच्या श्वासातील धूळही विचारात घेतली. तोच गाळ प्रक्रिया केंद्रात रोज हाताळणारा कामगार मात्र त्या हिशेबात नव्हता. त्याआधी १९७८ मध्ये कारखान्यांनी सांडपाणी गटारात सोडण्यापूर्वी त्यावर प्रक्रिया करावी, अशी सक्ती तेथे झाली होती. माझ्या मते कामगारांना खरा लाभ झाला तो अशा सक्तीमुळेच, कारण तिच्यामुळे धातू उगमापाशीच अडतो.

सांडपाणी कामगारांचा धातूंशी येणारा संपर्क बॅटरी किंवा धातू वितळवण्याच्या कारखान्यांतल्यापेक्षा सहसा कमी असतो, हे मान्य करायला हवे. पण तो वर्षानुवर्षे आणि अनेक धातूंशी एकाच वेळी होतो. कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि निम्मे बाहेर पडायला १० ते ३० वर्षे लागतात. इजेची पहिली खूण म्हणजे लघवीतून जाणारी सूक्ष्म प्रथिने, आणि तेव्हा कामगाराला काहीच दुखत नसते. शिसे हाडांत दशकानुदशके राहते, तर रक्ततपासणीत प्रामुख्याने गेल्या काही आठवड्यांचाच संपर्क दिसतो. त्यात धूम्रपानातूनही कॅडमियम शरीरात जाते, म्हणून आजाराचे खापर नेमके कामावर फोडणे अवघड होते. वायूने झालेला मृत्यू त्याच दिवशी नोंदला जातो. वीस वर्षांनी निकामी झालेल्या मूत्रपिंडाचा संबंध कामाशी जोडायचा, तर नोकरीला लागतानाची आणि नंतरची नियमित तपासणी कागदावर असावी लागते, आणि कंत्राट बदलले की कामगाराची जुनी नोंद मागेच राहते.