ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन ओढण्याचा परवाना : १९९७ ते २०२१

१ जानेवारी १९९७ पूर्वी ब्रिटनमध्ये मोटारीची परीक्षा पास झालेल्याला कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर किंवा दुसऱ्या कुठल्याही ट्रेलरसाठी वेगळं काही करावं लागत नसे. गाडी आणि ट्रेलर मिळून ८,२५० किलोपर्यंतची जोडी त्याच परवान्यावर चाले. त्या चालकांचा हा हक्क पुढेही राहिला. मात्र सत्तरी गाठल्यावर त्यातला लहान ट्रक चालवण्याचा हक्क वैद्यकीय तपासणीशिवाय टिकत नाही.

युरोपीय नियमांशी जुळवून घेताना नव्या चालकांवर बंधनं आली. ३,५०० किलोपर्यंतच्या गाडीमागे ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चाले. त्याहून जड हवा असेल तर दोन्हींची बेरीज ३,५०० किलोच्या आत हवी, शिवाय ट्रेलर रिकाम्या गाडीपेक्षा जड नको. ही शेवटची अट जानेवारी २०१३मध्ये गेली. यापलीकडे 'बी प्लस ई' ही वेगळी परीक्षा होती. तीत ट्रेलर रिव्हर्स घेणं, जोडणं आणि सोडवणं तपासलं जाई.

गफलत व्हायची ती वजनात. परवान्यासाठी धरलं जाई ते वाहनावर बसवलेल्या माहितीच्या पट्टीवरचं, सामानासकट चालणारं कमाल वजन, वजनकाट्यावरचं नव्हे. २,००० किलो मर्यादेच्या गाडीमागे १,६०० किलो मर्यादेची कॅराव्हॅन लावली की बेरीज ३,६००. कॅराव्हॅन रिकामी असली तरी 'बी प्लस ई' परीक्षा लागायचीच. भारतीय परवाना तिथे स्थायिक झाल्यावर बारा महिनेच चालतो. त्यामुळे १९९७नंतर गेलेल्या मराठी मंडळींनाही नवा परवाना काढून याच मर्यादेत राहावं लागलं.

२०२१मध्ये ट्रकचालकांचा तुटवडा पडला. परीक्षक ट्रकच्या परीक्षांसाठी मोकळे व्हावेत म्हणून 'बी प्लस ई' सप्टेंबरात थांबवली आणि १६ डिसेंबरपासून मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायची मुभा मिळाली. हा बदल इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरता होता. ट्रेलर हाताळणं सोपं झालं म्हणून तो झाला नव्हता, हे नव्या चालकानं ध्यानात ठेवायलाच हवं.

गाडीची स्वतःची ओढण्याची मर्यादा मात्र या बदलानं वाढलेली नाही. पट्टीवर गाडी व ट्रेलरचं एकत्रित वजन छापलेलंच नसेल, तर ती गाडी ओढण्यासाठी नाहीच. ७५० किलोवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर जिथे अडकतो त्या गाडीमागच्या गोळ्यावर, कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार यावा, पण तो गोळा धरणाऱ्या दांड्याच्या (टोबारच्या) मर्यादेत. जड सामान मागे भरलं की हा भार घटतो आणि वेगात कॅराव्हॅन डावी-उजवी झुलू लागते. अशा वेळी जोरात ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि स्टिअरिंग सरळ धरावं.